नऊवाली

पत्र येऊन चार दिवस झाले होते, आणि या चार दिवसांत घरातल्या प्रत्येकाने ते एकदा तरी एकट्याने, दुसऱ्याची चाहूल घेत वाचलं होतं. कारखान्याच्या नव्या दालनात आईचा फोटो लागणार होता. फोटोखालच्या पितळी पट्टीवर दोनच गोष्टी कोरायच्या होत्या: सव्वीस वर्षं, नऊ सेकंद. पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात, एकदम आवाज खाली आणून बोलावं तसं, लिहिलं होतं की सोमवारी चौकशी समिती येत आहे. लाइनवरच्या अकरा बायकांनी हातांच्या तक्रारी केल्या आहेत. तेव्हा आपण समितीपुढे आपला अनुभव सांगावा. अनुभव म्हणजे एवढाच, की नऊ सेकंदांचा वेग माणसाच्या हाताला झेपतो.

त्या अकरा बायकांतली एक या घरची सून होती.

सुनेला सकाळी उठल्यावर उजवा हात आधी शोधावा लागे. तो असे तिथेच, उशीशेजारी, पण आपला नसे. कुणी ठेवून विसरून गेलेल्या वस्तूसारखा. मग तो झटकायचा, पलंगाखाली सोडायचा आणि वाट पाहायची. करंगळी गेलेलीच नसे. अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं मात्र मुंग्यांच्या रांगेमागून सावकाश चालत परत येत. त्या रविवारी ती आलीच नव्हती, आणि ती आली आहेत असं समजून तिने ओट्यावरचं दुधाचं पातेलं उचललं.

"काय सांडलं?" बाहेरच्या खोलीतून सासूचा आवाज आला.

"दूध."

"सगळं?"

"अर्धं राहिलंय."

"चला, म्हणजे अर्धा हात तरी शिल्लक आहे."

सुनेने पातेलं सरळ केलं. सासूच्या बोलण्यात विष नसे, धार असे. आणि ती धार सव्वीस वर्षं एकाच दगडावर लागलेली होती. कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावरची चौथी जागा, चार नंबर. समोर आलेल्या पंपावर रबराची कडी बसवायची, झाकण ठेवायचं, चार भोकांत चार स्क्रू बोटांनी पेरायचे, वरून टांगलेल्या हवेच्या गनने आवळायचे, पंप पुढे ढकलायचा. नऊ सेकंद. पुन्हा. पाळीला अठ्ठावीसशे पंप. वेग ठरला तो सासूच्या हातांवरून. म्हणून सारा कारखाना तिला नऊवाली म्हणे. चार वर्षांपूर्वी त्या जागेवर सून उभी राहिली, तेव्हा लाइनवरच्या बायकांनी तिच्याकडे राजघराण्यातल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं होतं. तिलाही ते आवडलं होतं. तो आनंद कुठल्या दिवशी मनगटात उतरून दुखू लागला, हे तिला आता सांगता आलं नसतं.

दार वाजलं आणि धाकटी नणंद आत आली. शाळेत भूमिती शिकवणारी, बोलताना हवेत रेषा काढणारी. फरशीवरचं दूध पाहून तिने पिशवी खाली टाकली.

"वहिनी, तू सरक. मी पुसते."

"आली का तीन दिवसांची?" सासू बाहेरून म्हणाली.

पंधरा वर्षांपूर्वी धाकटी तीन दिवस लाइनवर उभी राहिली होती आणि चौथ्या दिवशी गेली नव्हती. तेव्हापासून हे नाव तिला चिकटलं होतं. ते ऐकलं की ती हसायची; फक्त हसण्याआधी एक क्षण थांबायची. तो क्षण या घरात सुनेखेरीज कुणी पाहिला नव्हता.

"तीन दिवसांचीच आले गं आई," ती म्हणाली. "पण तुझ्यासारखं फोटोत जायचं नाहीये मला. मला रोज दोन्ही हातांनी फळा पुसायचाय."

सुनेने चहा बाहेर नेला. सासूने कप दोन्ही तळव्यांत धरला, कायम धरायची तसाच. उन्हाळा असो की हिवाळा, ती कपाचा कान कधी धरत नसे.

०

थोरल्याने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, दुपारच्या जेवणानंतर कापडात गुंडाळलेला पंप टेबलावर ठेवला. कारखान्याने भेट म्हणून पाठवलेला, घासून लख्ख केलेला पंप. शेजारी त्याने दोन कागद ठेवले. एक आईच्या निवेदनाचा, टंकलिखित, खाली सहीपुरती जागा मोकळी. दुसरा त्याच्या बायकोच्या तक्रारीचा अर्ज. अर्जात सुपरवायझरने भरायचा एक रकाना होता: दुखण्याचं कारण. तो रिकामा होता. त्या लाइनचा सुपरवायझर तोच होता.

त्याला या घराचा अभिमान होता आणि त्या अभिमानाबद्दल त्याला कधी संकोच वाटला नव्हता. आजोबांनी याच कारखान्यात खांद्यावरून लोखंडाचे साचे वाहिले. खांद्यावर उठलेली ती गाठ लहानपणी त्याने हात लावून पाहिली होती, एखाद्या किल्ल्याच्या बुरुजाला लावावा तसा. आईने पट्टा जिंकला. तो स्वतः त्या पट्ट्याचा धनी झाला, निदान शिट्टी वाजवण्यापुरता. माणसाला जन्मभर पुरेल एवढी ती उंची होती.

"मामा आले," सून म्हणाली, आणि मामा आलेच. आईचा धाकटा भाऊ. तीस वर्षं तीन नंबरवर, म्हणजे आईच्या डाव्या हाताला, पंपात पंखा बसवत उभा राहिलेला. दोघं एकाच दिवशी निवृत्त झाली होती.

"ताई, मानलं तुला," ते चपला काढता काढता म्हणाले. "फोटो भिंतीवर लागायला लोकांना मरावं लागतं. तुझं जिवंतपणी भागतंय."

"तुझाही लावतील. तू आधी दाढी कर."

"माझा कोण लावतो? तीन नंबरला आता यंत्र आहे. लावलाच तर त्या यंत्राचा लावतील."

हसणं ओसरल्यावर थोरल्याने घसा साफ केला. "आई, सही करून टाकतेस का? उद्या घाई नको."

"कर म्हणतोस तर करते. काय लिहिलंय?"

"तेच. सव्वीस वर्षं नऊ सेकंदांनी काम केलं, हाताला कधी त्रास झाला नाही."

"आणि तो दुसरा कागद?" धाकटीने विचारलं.

"तो तुझ्या वहिनीचा. त्याची काळजी करू नका, मी बोलून ठेवलंय मॅनेजरशी." त्याने बायकोकडे पाहिलं. ही बातमी तो दोन दिवस भेटवस्तूसारखी जपून होता. "आईची सही झाली की तुला पॅकिंगला टाकतात. बसून काम. हाताला आराम. कारणाच्या रकान्यात फक्त 'घरकाम' असं लिहायचं."

सुनेने अर्ज उचलून वाचला. मग कारखान्यात त्याला म्हणायची तसं म्हणाली, "सर, आणि बाकीच्या दहाजणींचं काय लिहायचं? त्यांचंही घरकाम?"

"सर काय म्हणतेस घरात?"

"तुम्ही सरांसारखं बोलताय म्हणून."

"मी तुझ्यासाठी भांडलो! त्या दहाजणींसाठी मी भांडू शकत नाही. वेग चुकीचा आहे असं म्हणू कसा? ज्या बाईने तो सव्वीस वर्षं पेलला ती इथे समोर बसलीय."

"दादा, सगळ्यांचे हात आईसारखे नसतात," धाकटी म्हणाली.

"तुझे नव्हते, हे माहीत आहे सगळ्यांना."

तो क्षण पुन्हा आला आणि गेला. या वेळी धाकटी हसली नाही.

"भांडू नका," आई म्हणाली. मग सुनेकडे वळली. "बाई गं, मी काय तुझं वाईट चिंतते? पण दुखणं कुणाला नसतं? आम्ही बोललो नाही. पॅकिंग मिळतंय तर घे. त्यात कमीपणा नाही."

"कमीपणाचं नाही आई. मला चार नंबरच हवाय. चांगलं काम आहे ते. माझं झाकण कधी गळत नाही. मला ते हातासकट करायचंय, एवढंच."

आईने मान वर केली. वाक्यातलं काहीतरी तिला ओळखीचं वाटलं असावं. पण थोरल्याने तोवर टेबल मोकळं करून पंपाचं झाकण उघडलं होतं आणि स्क्रू एका पेल्यात काढले होते. समितीतले लोक कदाचित करून दाखवा म्हणतील, तो म्हणत होता. एकदा हात बसवून घेतलेला बरा.

०

धाकटीला वेळ मोजायला सांगितलं होतं. तिने मोबाइल हातात घेतला आणि तिच्या मनात आलं की जगातल्या सगळ्या लेकींपैकी मोजायला मीच बरी सापडले.

आई उभी राहिली. बसून तिला येत नव्हतं. तिने पंप आपल्या पोटासमोर ओढला, पाय किंचित फाकवले, आणि तिचा सारा देह एका जुन्या आकारात शिरला. घडी घातलेलं कापड आपल्याच दुमडीवर बसावं तसा. मामा सवयीने तिच्या डावीकडे जाऊन उभे राहिले. कुणी त्यांना तिथे उभं राहा म्हटलं नव्हतं.

"गन नाहीये, तर आवळू नको," थोरला म्हणाला. "फक्त पेरून दाखव. हं, मोज गं."

कडी बसली. झाकण बसलं. हे दोन्ही इतकं सहज झालं की धाकटी मोबाइलकडे पाहायचं विसरली. पहिला स्क्रू आईने अंगठ्यात आणि बोटात धरला, भोकावर टेकवला, फिरवला. दुसरा उचलला आणि तो टेबलावर पडला. पुन्हा उचलला. बोटं त्याच्याभोवती मिटली, पण स्क्रू तिथे आहे हे बोटांना कळत नसावं. ती डोळ्यांनी धरत होती. स्क्रू जमिनीवर घरंगळत गेला.

आणि तेव्हा डावीकडून एक हात आला. मामांचा. त्यांनी पेल्यातून दोन स्क्रू उचलले, झाकणाच्या आपल्या बाजूच्या दोन भोकांत एकेक गिरकी देऊन पेरले, आणि हात मागे घेतला. दोन सेकंद, फार तर तीन. ते खिडकीबाहेर पाहत होते. आपण काय केलं हे त्यांना सगळ्यांत शेवटी समजलं.

सुनेने जमिनीवरचा स्क्रू उचलून पेल्यात टाकला.

"मामा," सून हळूच म्हणाली, "हे तुम्ही रोज करायचात?"

मामांनी आपल्या हाताकडे पाहिलं, चोरी पकडून देणाऱ्या नोकराकडे पाहावं तसं. "छे! आज आपलं... ताईला मदत म्हणून."

"पुरे," आई म्हणाली. तिने झाकणावर दोन्ही तळवे टेकले होते. "पुरे झालं रे. हातच बोलला, आता तोंडाने कशाला लपवतोस."

मग तिने उभ्या उभ्याच सांगितलं. तेव्हा ती लाइनवरची पहिली बाई होती. वेळ मोजणारा आला की सगळ्यांनी हात जड करायचे, मुद्दाम सावकाश चालवायचे, हा लाइनचा अलिखित कायदा होता. त्या दिवशी ठरलेला वेग जन्मभर डोक्यावर बसतो हे प्रत्येकाला ठाऊक होतं. घड्याळवाला तिच्यापाशी आला तेव्हा पलीकडून कुणीतरी म्हणालं होतं, बाईला चार नंबर जमायचा नाही, तिला केरसुणी द्या. मामा डावीकडून खोकून खोकून खुणावत होते. तिने ऐकलं नाही. दहा पंप केले. नऊ, नऊ, नऊ.

"ते दहा पंप माझे," आई म्हणाली. "माझ्या एकटीचे. पुढची सगळी वर्षं आम्हा दोघांची. आठव्या महिन्यात बोटं बधिर झाली. स्क्रू सुटायला लागले. त्याचं काम सहा सेकंदांचं होतं. उरलेले तीन तो मला उसने द्यायचा."

"सगळेच द्यायचे," मामा पुटपुटले. "दुसऱ्या पाळीतही. ज्याच्या हाताला उसंत, त्याने शेजाऱ्याला हात द्यायचा. त्याला उसना हात म्हणायचे. त्याशिवाय नऊ होत नाहीत कुणाच्याने."

धाकटीच्या कानात काहीतरी वाजू लागलं. "मी दुसऱ्या पाळीत होते," ती म्हणाली. "मला कुणी दिला नाही."

"तुला कोण देणार? नऊवालीची लेक तू. सगळ्यांना वाटलं, हिला काय गरज."

पंधरा वर्षं. पंधरा वर्षं ती मुलांना सांगत आली होती की दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, आणि स्वतःच्या हातांकडे पाहत आली होती आळशी, नाजूक, कुळाला न शोभणारे हात म्हणून. तिने मोबाइलकडे पाहिलं. घड्याळ अजून चालू होतं. तिने ते बंद केलं, आणि तिला रडू आलं नाही. आश्चर्य म्हणजे, पाठ सरळ झाल्यासारखी वाटली.

"आणि आता तीन नंबरला यंत्र आहे," सून सावकाश म्हणाली. "यंत्र हात देत नाही."

थोरला खुर्ची मागे सारून उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? चार वर्षं मी त्या बायकांना ओरडतोय. माझ्या आईने केलं, तुम्हाला का जमत नाही. रोज! हिला सुद्धा." त्याने बायकोकडे बोट दाखवलं आणि ते तसंच हवेत राहिलं. "आई, तू एकदा सांगायचंस मला."

"काय सांगू? तू शाळेत सगळ्यांना सांगत फिरायचास, माझी आई नऊवाली. तुझ्या तोंडून ते नाव इतकं छान वाटायचं, की मलाही खरं वाटायला लागलं."

तो दोन्ही कागद तिथेच टाकून अंगणात निघून गेला.

०

आईला कामाला लागल्यापासून संध्याकाळची चार ते पाचची वेळ आवडत नसे. पाळी सुटायची ती वेळ. पट्टा थांबे आणि त्याबरोबर आपणही थांबलो आहोत असं तिला वाटे. आज ती पलंगाच्या कडेला बसून तीच पोकळी अनुभवत होती. नाव गेलं तर मागे काय उरतं? सव्वीस वर्षांतून नऊ वजा केले तर एक म्हातारी उरते, दोन्ही तळव्यांनी कप धरणारी.

सून आत आली आणि न विचारता शेजारी बसली.

"समजूत घालायला आली असशील तर जा."

"नाही. हात बघू तुमचा."

आईने उजवा हात दिला. कुणाला तरी तो देऊन किती वर्षं झाली होती! सुनेने तळवा उजेडाकडे वळवला. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा नव्हता. तिथे खळगा होता, वाळलेल्या डबक्यासारखा.

"डॉक्टरला दाखवलात कधी?"

"दाखवला असता तर नऊवाली कुठली? तुझा दाखव."

सुनेने आपला हात शेजारी ठेवला. दोन्ही तळहात उताणे, एकाच पलंगावर, एकाच जागेवर झिजलेले. आईने डाव्या बोटाने सुनेच्या अंगठ्याखाली दाबून पाहिलं. बाजारात फळ दाबून पाहावं तसं, नीट, निवडून.

"तुझा अजून आहे," ती म्हणाली. "भरलेला आहे. गेला नाहीये अजून."

"डॉक्टर म्हणाले, वर्षभर असंच चाललं तर जाईल."

"वर्षभर." आई जरा वेळ त्या शब्दाकडे पाहत बसली. "आणि तुला चारच नंबर हवाय?"

"हो."

"का गं? पॅकिंगला काय वाईट आहे?"

"पॅकिंगमध्ये पंप बंद खोक्यात जातो. चार नंबरला तो पूर्ण होतो. तुमचं झाकण बसलं की तो पंप म्हणायचा, तोवर नुसतं लोखंड." सून ओशाळून हसली. "तुम्हीच म्हणाला होतात, मी लागले तेव्हा."

आईला आठवत नव्हतं. पण ते आपलंच वाक्य आहे हे तिला पटलं. तिच्या छातीत काहीतरी जागच्या जागी बसलं, कडी खाचेत बसते तसं. तिला वाटत होतं, या पोरीने आपलं नाव घेतलं. तसं नव्हतं. पोरीने काम घेतलं होतं. नाव मागे राहिलं तर राहू दे.

"उद्या त्या करड्या गणवेशावर ती रंगीत माळ घालून येऊ नकोस," ती म्हणाली. "साधी ये. आणि माझ्या भावाला सांग, दाढी करून यायचं."

"कुठे?"

"समितीपुढे. तीन नंबरशिवाय चार नंबर कधी उभा राहिलाय?"

बाहेर अंगणात थोरला नळाचं टोपण उगीचच उघडत होता आणि पुन्हा घट्ट करत होता. मामा जाऊन त्याच्याशेजारी उभे राहिले.

"तुटेल ते," ते म्हणाले.

"तुटू दे."

"हे बघ, तू ओरडलास ते चुकलं. पण तू खोटं बोलला नाहीस. तुला जे खरं सांगितलं होतं तेच तू ओरडलास. उद्यापासून मात्र तुला माहीत आहे. उद्यापासून ओरडलास तर ते तुझं."

थोरल्याने टोपणावरचा हात काढला. तो म्हणाला, "मामा, कधी कंटाळा आला नाही? तिचे स्क्रू पेरायचा?"

"ताईचे? अरे, नाव तिचं झालं, पण वर्षानुवर्षं त्या नावातले तीन सेकंद माझे होते. छाती काढून चालायचो मी. कुणाला सांगता यायचं नाही, एवढीच पंचाईत."

०

समितीची खोली लांबट होती. टेबलाच्या एका बाजूला समिती: जाड चष्म्याची एक अधिकारी बाई, एक डॉक्टर, एक टिपणं घेणारा कारकून. दुसऱ्या बाजूला मॅनेजर, आणि मॅनेजरच्या शेजारी, सुपरवायझर म्हणून, थोरला. भिंतीशी अकरा खुर्च्यांवर अकरा बायका करड्या गणवेशात बसल्या होत्या. बावीस हात मांडीवर. रोज पाठीमागून पाहिलेल्या त्या बायका थोरल्याला प्रथमच समोरून दिसत होत्या. त्यातल्या निम्म्यांना मनगटपट्टे होते. हे त्याने रोज पाहिलं होतं, आणि पाहिलं नव्हतं.

आई आत आली तेव्हा त्या बायका उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मामा तिच्यामागे, गुळगुळीत दाढी करून, आणि हनुवटीवर कापल्याची खूण घेऊन.

"या, या," मॅनेजर म्हणाला. "निवेदन तयारच आहे, फक्त सही..."

"सही करायला नाही आले साहेब. सांगायला आलेय." ती उभीच राहिली. "लिहा हो तुम्ही. नऊ सेकंद मी एकटीने फक्त दहा पंपांना लावले. त्यानंतर ते दोन माणसांचं काम होतं. दुसरा माणूस हा."

"तीन नंबर," मामा म्हणाले, आणि शाळेत हजेरी द्यावी तसा हात वर केला.

भिंतीपाशी कुजबूज झाली. आईने सगळं सांगितलं: जड हातांचा कायदा, आपण तो का मोडला, आठवा महिना, उसना हात. कुठेही आवाज खाली आणला नाही. मग तिने उजवा तळहात डॉक्टरपुढे टेबलावर ठेवला. डॉक्टरने तो उचलला, अंगठ्याखाली पाहिलं, आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

मॅनेजरने चष्मा काढला. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही दोघांनी मिळून कारखान्याला फसवलंत?"

थोरला खुर्चीवरून अर्धवट उठला. पण आई चक्क हसली.

"फसवलं कसं? एक तरी पंप गळका निघाला का आमचा? काढा जुने कागद, दाखवा एक."

मॅनेजरने चष्मा पुन्हा घातला. तो थोरल्याकडे वळला. "तुम्ही सांगा. तुमच्या पत्नीच्या अर्जावर तुम्ही कारण काय लिहिलंय? वाचा."

अर्ज थोरल्यापुढेच होता. आज सकाळी, घरातून निघण्याआधी, त्याने तो चपला घालून दारातच भरला होता, बसला तर हिंमत जाईल या भीतीने. त्याने कागद उचलला. चार वर्षं लाइनवर घुमलेला त्याचा आवाज या खोलीत लहान वाटला, पण नीट लागला.

"दुखण्याचं कारण: लाइनवरचं काम, नऊ सेकंदांच्या वेगाने. बाकीच्या दहा अर्जांवरही मी हेच लिहिलंय." मग त्याने भिंतीकडे पाहून, कागदात नसलेलं, जोडलं, "मी तुम्हाला जे ओरडलो, ते मागे घेतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांतल्या एका वयस्क बाईने फक्त मान हलवली, हिशेब फिटल्यासारखी नव्हे, नमस्कार पोचल्यासारखी. त्याला तेवढं पुरलं. आपल्या जागेचं उद्या काय होईल ते त्याला माहीत नव्हतं. आपण कुणाचा मुलगा आहोत हे मात्र त्याला आज पहिल्यांदा पूर्ण माहीत झालं होतं.

अधिकारी बाईने पेन खाली ठेवलं. "ठीक आहे. नऊ एका माणसाचे नाहीत. मग एका माणसाला, हात शाबूत ठेवून, खरे किती लागतात? तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? सांगा."

सगळी खोली आईकडे पाहू लागली. तिने एक आकडा उच्चारला असता तर तो लिहिला गेला असता. पुन्हा एकदा तिच्या नावाचा वेग. थोरल्याने तिचे ओठ उघडताना पाहिले, आणि मिटताना.

"मला विचारू नका," आई म्हणाली. "मी एकदा सांगितलंय, आणि किती महाग पडलं ते या बसल्यात समोर. चार नंबर आता हिचा आहे. हिला विचारा."

आणि ती बाजूला सरली. फार नाही, एक पाऊल; पट्ट्यावर पाळी बदलताना सरकतात तेवढंच.

सून उठली आणि त्या जागेवर येऊन उभी राहिली. तिने पाय किंचित फाकवले, दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"चौदा," ती म्हणाली. "आणि तासाला एकदा पाच मिनिटं हात खाली. यंत्राशेजारी दुसरं माणूस नसेल तर याहून कमी नाही."

"अगं पंधरा सांग, पंधरा!" मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, आणि भिंतीशी उरलेल्या दहाच्या दहा खुर्च्या हसल्या. कारकूनसुद्धा हसला. त्याचं पेन थांबलं होतं.

सून वळली नाही.

"चौदाच," ती म्हणाली. "रोज मोजतेय मी."